जुन्या डिझेल गाडीचे हीटर प्लग : सेट आणण्याआधी काय काय मोजायचं (सातारा-सांगली)

संगममाहुली

थंडी सुरू झाली की दरवर्षी तीच तक्रार येते. सकाळी गाडी उचलत नव्हती, हीटर प्लगचा (गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून करंटने तापणारी कांडी) अख्खा सेट बदलला, तरी रड तीच. बहुतेक वेळा प्लग चांगलेच असतात, करंट त्यांच्यापर्यंत पोचत नसतो. नाहीतर मूळ दुखणं बॅटरीत किंवा डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेल्या हवेत असतं. यासाठी वेगळा धागा हवाच होता.

विषय जुन्या आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) इंजिनांपुरता ठेवू. इंडिकाचं १४०५ सीसी, सुमोचं १९४८ सीसी, क्वालिसचं २४४६ सीसी ही त्यातली आपल्याकडे अजून भरपूर दिसणारी. कॉमन रेलचं (डिझेल थेट सिलिंडरमध्ये मारणारी नवी इंजिनं) गणित निराळं, त्यावर शेवटी कुणीतरी लिहा.

आयडीआयमध्ये नोझल डिझेल थेट पिस्टनवर मारत नाही. हेडमध्ये एक छोटी गोलसर पोकळी असते, फवारा तिथे होतो, पेटही तिथेच घेतो आणि जाळ अरुंद तोंडातून सिलिंडरमध्ये उतरतो. या पोकळीच्या भिंती रात्रभरात गार पडलेल्या असतात आणि दाबलेल्या हवेची उष्णता त्याच पिऊन टाकतात. म्हणून या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो २२ च्या आसपास ठेवूनसुद्धा सकाळी हीटर प्लग लागतोच. प्लगचं टोक ८५० अंशांच्या वर जातं आणि फवाऱ्याची कड त्याला चाटून जाते, तिथून पेट सुरू होतो. सांगलीत थंडी साताऱ्यापेक्षा कमी, तरी डिसेंबर-जानेवारीत आयडीआयला प्लगवाचून चालत नाही.

डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असं धरून चालू नका. जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरचं ऐकतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो नेहमीसारखाच लागतो आणि नेहमीसारखाच विझतो. उलट बऱ्याच गाड्यांत दिवा विझल्यावरही काही सेकंद करंट चालू असतो, म्हणून दिवा गेला की लगेच सेल्फ मारायचा, रेंगाळायचं नाही.

नोझल_विटा

चांगला विषय काढलात. माझं म्हणणं, प्लगला हात लावायच्या आधी दुखणं प्लगचंच आहे का ते धूर बघून आणि इंजिन ऐकून ठरवावं.

एक प्लग गेला असेल तर गाडी सुरू होते, पण पहिली काही सेकंदं तीनवर चालते. इंजिन हलतं, सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, मग चौथा सिलिंडर पकडतो आणि धूर तुटतो. दोन गेले की सेल्फ लांबतो. तीन-चार गेले की सकाळी धक्काच. पण दुपारी हीच गाडी अर्ध्या सेल्फवर उचलते. हे चित्र प्लगचं, किंवा प्लगच्या करंटचं.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाही, प्लगचा काही संबंध नाही. अशा वेळी सकाळी पहिल्या सेल्फआधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. दाबल्यावर गाडी पटकन उचलली तर लाइन कुठेतरी हवा धरते. नोझलच्या रिटर्नचे बारीक रबरी पाइप आधी बघा. जुने पाइप टोकाशी बारीक तडकतात. इंजिन चालू असताना तिथून गळत नाही, पण रात्रभर उभ्या गाडीत हवा आत शिरते आणि डिझेल मागे टाकीकडे उतरतं. चढावर तोंड करून लावलेली आणि उतारावर लावलेली गाडी सकाळी वेगवेगळी वागत असेल, तर संशय इथेच.

गरम इंजिनही बंद करून पुन्हा उचलत नसेल तर कॉम्प्रेशन, पंप किंवा सेल्फ. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर जात नसेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट. यातल्या कशालाच नवीन प्लग उपयोगाचे नाहीत.

एक विनंती. काही जण एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारतात. त्यात इथर असतो. लाल तापलेला प्लग आणि इथर एकत्र आले की पिस्टन वर यायच्या आधीच स्फोट होतो, रिंगा आणि पिस्टनच्या कडा तुटतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो स्प्रे कधीही नको.

वैदेही_कोरेगाव

आकडे देते, सांगा काय समजायचं. चार सिलिंडर, आयडीआय, पट्टीवर चारही प्लग एकत्र. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट. चावी फिरवून दिवा लागला की बॅटरीवर ११.६ आणि प्लगच्या पट्टीवर ९.८. पट्टी काढून चारही प्लगचा रेझिस्टन्स मोजला, ०.९ ते १.१ ओहमच्या मध्ये येतो. सकाळी दोन-तीनदा हीटर दिल्याशिवाय उचलत नाही. प्लगचा सेट घ्यायला निघालेच होते, तेवढ्यात हा धागा दिसला.

अँपियर_मिरज

वैदेहीताई, सेट घेऊ नका. तुमचे प्लग ठीक दिसतात, त्यांना जेवणच अर्धवट मिळतंय.

बॅटरीवर ११.६ आणि पट्टीवर ९.८, म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत गळले. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. ९.८ ला ११.६ ने भागून वर्ग केला की ०.७१ येतात, म्हणजे प्लग सुमारे ३० टक्के कमी तापतोय. चांगल्या वायरिंगमध्ये बॅटरी आणि पट्टी यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एका व्होल्टच्या पुढे गेला की दुरुस्ती केल्याशिवाय सोडायचं नाही.

आता ते १.८ कुठे जातात ते शोधायचं. मीटर डीसी २० वर. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मोजायचं, आणि हीटरचा करंट चालू असतानाच मोजायचं. करंट वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा शून्य दाखवतो. काटे वायरीच्या दोन टोकांना लावायचे : आधी बॅटरीचं प्लस आणि रिलेचं (प्लगचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) इनपुट, मग रिलेचं इनपुट आणि आउटपुट, मग रिलेचं आउटपुट आणि प्लगची पट्टी. शेवटी बॅटरीचं मायनस आणि इंजिनचं लोखंड. प्रत्येक टप्प्यावर ०.२ च्या आसपास चालेल. बॅटरीच्या प्लसवर काटा टेकवताना शिशाच्या खांबावर टेकवा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, नाहीतर खांब आणि क्लॅम्पमधली घाण मोजण्यातून सुटते.

चौथं माप लोक विसरतात. प्लगचं मायनस त्याच्या आट्यांतून हेडला, हेडमधून इंजिनला आणि तिथून अर्थच्या पट्ट्याने बॅटरीला जातं. गिअरबॉक्सजवळचा अर्थचा पट्टा हिरवा पडलेला असेल तर सेल्फही मंद फिरतो आणि प्लगही कमी तापतात, एका दगडात दोन पक्षी.

चार प्लग सुरुवातीला मिळून ६० ते ८० अँपियर ओढतात आणि तापत गेले की प्रत्येकी १० ते १२ वर येतात, कारण आतल्या दुसऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो. एवढ्या करंटला बारीक वायर चालत नाही. रिले ते पट्टी ६ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नको, १० ची टाकली तर उत्तम. आणि थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) चिमट्याने चेपून टेप गुंडाळायची नाही. नीट क्रिम्प करा आणि वर हीट श्रिंक चढवा.

वैदेही_कोरेगाव

मोजलं. बॅटरी ते रिले इनपुट १.३. रिले ०.२. रिले ते पट्टी ०.२. अर्थ ०.१.

अँपियर_मिरज

सगळं मिळून बरोबर १.८, म्हणजे माप चोख आहे. दोष बॅटरी आणि रिले यांच्यामध्ये, आणि त्या तुकड्यात बहुधा एकच नाजूक जागा असते : स्क्रूने आवळलेली फ्यूजची पट्टी. फ्यूजची डबी उघडा. १.३ व्होल्ट आणि ४० अँपियर म्हणजे त्या एका जोडावर ५० वॉटच्या वर उष्णता निघतेय. स्क्रूभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल, पट्टीवर काळसर थर असेल, आणि वायरीचं इन्शुलेशन थिंबलपासून बोटभर मागेपर्यंत कडक झालेलं असेल. बॅटरीचं मायनस काढा, फ्यूजची पट्टी नवी टाका, थिंबल कापून मागच्या चकचकीत तांब्यावर नवीन क्रिम्प करा, स्क्रू नीट आवळा. तांबं आत खोलवर काळं पडलेलं असेल तर तेवढी वायरच बदला. पट्टी होती त्याच अँपियरची घ्या, जाड पट्टी टाकून प्रश्न मिटवू नका.

वैदेही_कोरेगाव

स्क्रूखालचं प्लास्टिक खरंच वितळलेलं होतं. नवी डबी, नवी फ्यूजची पट्टी, दोन्ही थिंबल नवे. आता बॅटरी ११.५, प्लगच्या पट्टीवर ११.२. एकाच हीटरला उचलते.

तासगाव_रोड

प्लग जागेवरच टेस्ट लॅम्पने तपासतात ना? पट्टीला लॅम्प लावला, लागला, म्हणजे चारही चांगले, असं इथे एका मिस्त्रींनी सांगितलं.

संगममाहुली

पट्टी न काढता लॅम्प लावला तर चारपैकी एक प्लग जिवंत असला तरी लॅम्प लागतो, कारण चारही एकत्र जोडलेले आहेत. पट्टी काढायचीच. मग १२ व्होल्ट २१ वॉटच्या बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला नाही तर त्या प्लगची कॉइल तुटलेली, विषय संपला. लागला तर कॉइल सलग आहे एवढंच कळलं.

मीटरने मोजायचं असेल तर आधी दोन काटे एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. साध्या मीटरला ०.२-०.३ ओहम तिथेच येतात आणि इथे मोजायचंच मुळात १ ओहमच्या आसपास आहे. गार प्लग साधारण ०.५ ते १.५ मध्ये हवा, आणि चारही एकमेकांच्या जवळ हवेत. तीन ०.९ आणि एक २.५ असेल तर तो एक संशयित.

खरी परीक्षा करंटची. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर रिलेपासून येणाऱ्या वायरीला लावा. साधा एसी क्लॅम्प इथे काही दाखवणार नाही, विकत घेताना बघून घ्या. दहा सेकंदांनी ४० ते ४८ दिसले तर चारही ओढताहेत. ३० ते ३६ असेल तर एक मेलेला.

तरीही एक दोष निसटतो. कॉइल आतल्या आत शॉर्ट झालेला प्लग करंट घेतो, पण टोकाऐवजी मधेच तापतो. तो फक्त बाहेर काढून कळतो. व्हाइसमध्ये अंग पकडा, मायनस अंगाला, प्लस डोक्याला. चांगला प्लग आधी टोकाला लाल होतो आणि लाली मागे सरकते. मधून किंवा अंगाजवळून लाल व्हायला लागला तर टाकून द्या. वायरची शेवटची जोडणी प्लगकडे करा, बॅटरीकडे नको, कारण ठिणगी बॅटरीच्या गॅसपाशी पडू द्यायची नाही. दहा सेकंदांच्या पुढे तापवू नका, आणि नंतर पाच मिनिटं तरी हात लावू नका.

घाटरस्ता

मोजमाप झालं, आता काढण्याबद्दल. मोठं नुकसान इथेच होतं. प्लग मोडला की पुढे हेड खोलावं लागू शकतं.

आदल्या संध्याकाळी प्लगच्या भोवतीची माती हवेने उडवा आणि आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत एकदा मारा. मग इंजिन पूर्ण तापवा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर तापल्यावर ते प्लगच्या पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. बॅटरीचं मायनस काढा, पट्टीचे नट काढा. हे नट ७ किंवा ८ चे असतात आणि बहुधा गंजलेले. नट फिरताना तो ज्यावर बसतो तो प्लगच्या डोक्याचा खिळाही फिरायला लागला तर थांबा. खिळा फिरला की आतली कॉइल तुटते, मग चांगला प्लगही गेला.

सॉकेट डीपच हवं, प्लगवर सरळ बसणारं, बहुतेकांना १० किंवा १२. तिरकं बसलं की प्लग वाकतो आणि तिथेच मोडतो. टॉर्क रेंच असेल तर ती काढतानाही वापरा. एम १० च्या (१० मिलिमीटर आट्यांच्या) प्लगला ३५ न्यूटन मीटर आणि एम १२ ला ४५ याच्या पुढे जाऊ नका, त्यापुढे तुटतो. लांब पाइप लावून जोर करणाऱ्याला प्लगजवळ फिरकू देऊ नका. थोडा सुटला की अर्धा आटा मागे, पुन्हा आवळा, तेल, पुन्हा अर्धा आटा. फिरताना करकर वाजलं की तेल सोडून वाट बघायची. घाई नको. निघतच नसेल तर तो जागेवर राहू द्या आणि हे काम रोज करणाऱ्याकडे गाडी न्या.

दुसरा धोका याहून फसवा. आटे सगळे सुटले, प्लग हाताने गोल फिरतो, पण वर येत नाही. याचा अर्थ टोक फुगलंय किंवा भोकात कार्बन घट्ट बसलाय. पक्कडीने उपटलात तर टोक तुटून आत पडणार. तेल सोडा, डावीकडे-उजवीकडे फिरवत हलकं हलकं वर घ्या. टोक आत राहिलंच तर सेल्फ अजिबात मारायचा नाही. आयडीआयमध्ये त्या पोकळीचं सिलिंडरकडचं तोंड अरुंद असल्याने तुकडा बरेचदा वरच अडकतो, पण सेल्फ मारला की खाली उतरून पिस्टनला लागू शकतो. नोझल काढून तिथून तुकडा घ्यायचा प्रयत्न करतात. टोकाचं आवरण निकेलच्या मिश्रधातूचं असतं, चुंबकाला चिकटेल असं धरू नका. बारीक नळी लावून व्हॅक्यूमने ओढा.

प्लग निघाला की भोकातला कार्बन त्या मापाच्या रीमरनेच (भोक साफ करायचं खाचांचं हत्यार), हाताने फिरवून काढा. रीमरच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे काजळी त्यात अडकते, आत पडत नाही. ड्रिलचा बिट घालू नका, बसायची उतरती जागा खराब झाली की कॉम्प्रेशन गळतं.

नोझल_विटा

घाटरस्ता यांच्याशी सहमत. एक भर. चारही प्लग बाहेर आहेत तेव्हा कॉम्प्रेशनही मोजून घ्या, अशी संधी पुन्हा येत नाही. पंपावरच्या डिझेल बंद करायच्या सोलेनॉइडची वायर आधी काढा, नाहीतर भोकातून डिझेलचे फवारे उडतील. गेज डिझेलचंच हवं, पेट्रोलचं फुटेल. चांगल्या आयडीआयला ४०० ते ४५० पीएसआय येतं. ३०० च्या खाली गेलं की थंडीत प्लग कितीही चांगले असले तरी त्रास होणारच. सगळे सिलिंडर सारखेच थोडे कमी असतील तर फारशी चिंता नाही. एकच ७० पीएसआयने मागे असेल तर तो बघायला हवा.

काढलेला प्लग टेबलावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि टोकं बघा. कोरडा काळसर-राखाडी थर असेल तर सगळं ठीक. टोक मधे फुगून त्याला उभी चीर पडली असेल तर करंट जास्त वेळ मिळाला, किंवा व्होल्टेज चुकलं. चारही एकत्र असे झाले असतील तर रिले चिकटलेला असणार. एकाच सिलिंडरचं टोक झिजून, वितळून टोकदार झालं असेल तर प्लगला दोष देऊ नका, त्या सिलिंडरचं नोझल गळतंय किंवा टायमिंग पुढे आहे. नवीन प्लगही तसाच जाईल. नोझल पंपवाल्याकडे देऊन प्रेशर आणि फवारा तपासून घ्या, आणि बसवताना खालचा उष्णतेचा वॉशर नवाच टाका.

संगममाहुली

रिले चिकटलाय का हे तपासणं सोपं. गाडी चालू करून पाच मिनिटं जाऊ द्या, मग पट्टीवर मोजा. काही गाड्यांत सुरू झाल्यावरही थोडा वेळ प्लग चालू ठेवतात, पण एवढ्या वेळानंतर शून्यच हवं. चावी काढल्यावर तर शून्यच हवं. तिथे १२-१४ दिसले तर प्लग अखंड जळताहेत आणि उभ्या गाडीची बॅटरीही रात्रीतून बसणार.

तासगाव_रोड

एकच प्लग गेला असेल तर एकच बदलायचा की चारही?

घाटरस्ता

चारही. सगळे एकाच वयाचे, पहिला गेला की बाकीचे रांगेत उभे असतात. आणि नवा-जुना मिसळला की तापायची गती वेगवेगळी होते.

अँपियर_मिरज

मला हे सरसकट पटत नाही. काढताना प्लग मोडायचा धोका प्रत्येक प्लगला आहे. तीन प्लग मोजून चांगले निघाले, आणि पहिला काढतानाच दिसलं की आटे गंजून धरलेत, तर केवळ नियम म्हणून बाकीचे तीन ओढत बसणं महागात पडेल. मेलेला बदला, बाकीचे जागेवर ठेवा, करंट अधूनमधून मोजत राहा. सगळे सहज निघत असतील तर मात्र घाटरस्ता म्हणतात तसं चारही बदला, आणि एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे.

घाटरस्ता

गंजलेल्या हेडच्या बाबतीत मान्य. नवीन बसवताना जुना आणि नवा शेजारी ठेवून आटे, एकूण लांबी, टोकाची लांबी, बसायची उतरती कड आणि अंगावर छापलेलं व्होल्टेज, सगळं जुळवा. टोक दोन मिलिमीटर लांब असेल तर ते फवाऱ्यात जास्त शिरतं आणि लवकर जळतं. आखूड असेल तर फवारा पोचत नाही. आट्यांना उष्णतेचं अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायचं ग्रीस) अगदी पुसट लावा, टोकाला आणि उतरत्या कडेला नाही. आधी पूर्ण हाताने फिरवा. हाताने दोन आट्यांत अडला तर तिरका धरलाय, परत काढा. शेवटी एम १० ला १५ ते १८ आणि एम १२ ला २० ते २५ न्यूटन मीटर. ग्रीस लावलंय तर खालचा आकडा धरा. वरच्या नटला २ ते ३ पुरे.

वैदेही_कोरेगाव

टायमर काढून डॅशबोर्डवर बटण बसवून घ्यावं का? इथे बऱ्याच जुन्या गाड्यांना दिसतं.

अँपियर_मिरज

टायमर मिळत असेल तर टायमरच घाला, ताई. मिळतच नसेल तर बटण चालेल, पण नीट. बटणातून प्लगचा करंट न्यायचा नाही. बटणाने फक्त रिलेची कॉइल चालवायची, ८५-८६ नंबरच्या पिनांवर. मुख्य करंट ३० वरून ८७ ला, रिले किमान ७० अँपियरचा, आणि बॅटरीपाशी फ्यूज. बटण दाबून धरेपर्यंतच चालणारं हवं, बेलच्या बटणासारखं. खटका कधीच नको. खटका चालू राहिला की अल्टरनेटरचे १४ व्होल्ट प्लगला लागतात आणि टोकं फुगतात. रिलेच्या कॉइलचं प्लस इग्निशनवरून घ्या, म्हणजे चावी काढल्यावर बटण दाबलं गेलं तरी काही होणार नाही. दोन कॉइलच्या प्लगला ६ ते ८ सेकंद पुरतात. जुन्या एका कॉइलच्या प्लगला १५ ते २० लागतात.

संगममाहुली

महाबळेश्वर-पाचगणीला रात्री गाडी ठेवणाऱ्यांसाठी. महाबळेश्वरची उंची १३५० मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी. म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच कमी, कॉम्प्रेशनच्या शेवटी दाबही त्याच प्रमाणात कमी, आणि वर वेण्णा तलावाकाठी दंव गोठेल अशी थंडी. साताऱ्यात कशीबशी उचलणारी गाडी वर उचलत नाही ती यामुळे. तिथे दोन वेळा हीटर द्या, मधे सेल्फ मारू नका. हेडलाइट, पंखा बंद ठेवा. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा. प्लगला एवढा करंट दिल्यावर सेल्फसाठी तिच्यात जोर उरायला हवा.

तासगाव_रोड

आणि स्विफ्टचं १२४८ सीसी वगैरे कॉमन रेलवाल्यांनी काय करायचं?

नोझल_विटा

त्यांच्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, उष्णता कमी वाया जाते, म्हणून सांगलीच्या हवेत दोन प्लग मेले तरी गाडी सुरू होते आणि मालकाला पत्ता लागत नाही. सकाळचा खडखडाट आणि पांढरा धूर एवढीच खूण. स्कॅनरवर (दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०३८० किंवा पी ०६७१ ते पी ०६७४ दिसले तर शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो : ०६७१ म्हणजे पहिला, ०६७४ म्हणजे चौथा. पी ०३८० मात्र पूर्ण सर्किटचा कोड आहे, तिथे आधी रिले आणि वायर बघा. गार इंजिनलाही कॉइलचा दिवा लागतच नसेल तर कूलंटचा सेन्सर इंजिन गरम असल्याचं खोटं सांगत असू शकतो, स्कॅनरवर सकाळचं तापमान वाचा. वर दिलेली १२ व्होल्टची व्हाइसमधली परीक्षा मात्र यांच्यावर करण्याआधी प्लगवरचा आकडा वाचा. ५ किंवा ७ व्होल्ट लिहिलं असेल तर बॅटरी लावायची नाही, लावताच जळेल. ते फक्त ओहमने तपासायचे.